येतो म्हणून उठलेली माणसं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. अकोला

आले एकदाची! बडनेऱ्याला गाडीत बसताना आईने संत्र्यांची पिशवी हातात कोंबली. मूर्तिजापूर येईपर्यंत ती मी अर्धी केली, आणि सालींसाठी पर्समधून वेगळी पिशवी काढली तेव्हा समोरच्या बाई हसल्या. हसोत बापड्या. मला पसारा सहन होत नाही. बाबा म्हणतात, मैथिली जन्मली तेव्हाच तिच्या हातात केरसुणी होती.

खोली जठारपेठेत मिळाली, ऑफिस तिथून चालत दहा मिनिटं. संस्था पावसाची आणि जमिनीतल्या ओलीची मोजणी करते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मिळून चौदा केंद्रं आहेत. तिथली माणसं आपापल्या मेजावरून इथल्या एकाच मशीनमध्ये शिरतात आणि आकडे भरतात. त्या मशीनला द्यायच्या आज्ञांचं मराठी पुस्तक लिहायचं, हे माझं काम. करार सहा महिन्यांचा.

ऑफिस दुमजली आहे. खाली काचेच्या कपाटात मशीन, आणि मशीनपाशी शालिकरामजी. पस्तीस वर्षांची नोकरी, गुडघा गेलेला, पण मशीनचा श्वास बदलला तरी त्यांना कळतो म्हणे. वर अठरा पायऱ्या चढून गेलं की एक मेज रिकामं होतं. उजेड भरपूर, गोंगाट नाही. मी तेच मागून घेतलं. शालिकरामजींनी जिन्याकडे बघून सुस्कारा टाकला.

खरी गोष्ट आता लिहिते. अद्वैत, म्हणजे माझा नवरा, याच संस्थेच्या धारणी केंद्रावर आहे. लग्नाला चौदा महिने झाले, त्यातले अकरा आम्ही फोनवर काढले, आणि मेळघाटात फोन लागत नाही. पुस्तक चांगलं झालं तर त्याची बदली अकोल्यात करतो, असा शब्द प्रमुखांनी, भगवंत सरांनी दिला आहे. त्यामुळे पुस्तक चांगलंच होणार!

ही रोजनिशी ऑफिसच्या मशीनमध्येच लिहिते आहे. फाइल अद्वैतलाही उघडता येईल अशी ठेवली आहे. फोन लागत नाही तर नाही, बायको दिवसभर काय करते ते त्याला वाचू दे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिलं प्रकरण एका अक्षराच्या आज्ञेचं. डब्ल्यू टाइप करायचं, एंटर मारायचं, की मशीन सांगतं आत्ता आत कोण कोण आहे आणि कोण काय करतंय. ऑफिसात हिला ‘हजेरी’ म्हणतात. खालच्या मेजावरची वर्षाली दर तासाला ओरडते, हजेरी मारा वो, कोन काय करून राह्यलं पाहा.

पहिल्या ओळीत घड्याळ, मग मशीन किती दिवस बंद न पडता चालू आहे तो आकडा, मग आत किती जण आहेत ते. दिवस चार हजार एकशे दहा. मी दोनदा वाचलं. अकरा वर्षांत एकदाही बंद केलेलं नाही! आत आहेत एकतीस जण.

त्याखाली प्रत्येकाची एक ओळ. नाव, कुठल्या केंद्रावरून, कधी आत आला, शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला, आणि आत्ता काय उघडून बसला आहे. शेवटच्या बटणाच्या रकान्याला मराठी शब्द सापडेना. ‘रिकामा’ लिहिलं तर वर्षाली म्हणाली, साहेबाच्या नावापुढं रिकामा लिवलं तर पगार थांबन. शेवटी ‘गप्प’ ठरवलं. अमका पाच मिनिटं गप्प, तमका दोन दिवस गप्प.

आता गंमत. फोन लागत नाही, पण धारणी केंद्रावरची उपग्रहाची डिश चालते. तिच्यावर मशीनखेरीज काही चालत नाही. तरीही अद्वैतची ओळ मला दिसते. गप्प शून्य असलं की समजायचं, गडी मेजावर आहे. पाऊण तास गप्प असलं की जेवायला गेलाय. आज दुपारी त्याच्या शेवटच्या रकान्यात पाहिलं तर त्याने एक फाइल उघडून ठेवली होती. इंग्रजी अक्षरांत नाव होतं, ‘मैथिली-जेवलीस-का’. मी लगेच ‘हो-वांग्याचं-भरीत’ नावाची फाइल उघडली. अकरा महिन्यांत आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

अजून एक. इथे कोणी बाहेर पडत नाही. लॉगआउट नावाची आज्ञा आहे, पण ती या संस्थेत कोणी देत नाही. वीज गेली, वायर निघाली, तरी ओळ टिकून राहील अशी सोय शालिकरामजींनी करून ठेवली आहे. का, विचारलं तर म्हणाले, घरून निघताना आपून ‘जातो’ म्हनतो का? ‘येतो’ म्हनतो ना? मंग मशीनले तरी काहून ‘जातो’ म्हनाव. मला हसू आलं. पण रीत म्हणून मीही उठताना वर्षालीला येते म्हणते आणि ओळ तशीच ठेवते. स्क्रीनला मात्र पासवर्डचं कुलूप लावते. माझ्या मेजाला दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही. अद्वैत कधी कुलूप लावत नाही, त्याचं मेज म्हणजे आठवडी बाजार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दुसरं प्रकरण ‘निरोप’. एकाच्या मेजावरून दुसऱ्याच्या स्क्रीनवर चार शब्द पाठवता येतात. निरोप आला म्हणून माणसाचं गप्प मोडत नाही. बटण ज्याच्या त्याच्या मेजावरूनच दाबावं लागतं. ज्याला निरोप नको त्याने दार लावून घ्यावं, तशीही आज्ञा आहे. भगवंत सरांचं दार कायम लावलेलं असतं.

हजेरीतली नावं मात्र डोळ्यांत खुपायला लागली आहेत. एकतीसपैकी आठ जण कित्येक दिवस गप्प आहेत. नत्थुजी, बार्शीटाकळी, दोनशे एकवीस दिवस! कोण हे, विचारलं. निवृत्त झाले म्हणे मार्चअखेर. मग ओळ कशाला ठेवली? शालिकरामजी म्हणाले, पडून हाये ना, पडून राहू द्या, तुमचं काय खाऊन राह्यलं. हे म्हणजे माळ्यावर फुटके माठ ठेवण्यासारखं झालं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज पान नऊ लिहिलं. ‘सात दिवसांहून अधिक गप्प असलेली नावे यादीतून काढावीत. अनावश्यक माणसे यादीत ठेवू नयेत.’ वाक्य नेटकं झालं आहे. पुस्तकापुरता मला लोकांना बाहेर काढायचा अधिकार दिला आहे, म्हणून खरंच करून पाहिलं आणि नमुना छापला. नत्थुजींना काढलं, अकरा वाजून शेहेचाळीस मिनिटांनी. हजेरी मारली तर तीस जण. कपाट आवरल्यासारखं वाटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी बार्शीटाकळीहून श्यामचा फोन आला. श्याम तिथला आताचा कर्मचारी. नत्थुजी काल गेले. चांगले धडधाकट होते, पंगतीत जेवायला बसले होते, पहिला घास घेतला आणि बाजूच्या माणसाच्या खांद्यावर मान टाकली.

वर्षाली रडली. मी त्यांना पाहिलंही नव्हतं, तरी वाईट वाटलं. शालिकरामजी मात्र जिना चढून वर आले. अठरा पायऱ्या, कठड्याला धरून, पायरीगणिक थांबत. त्यांनी एकच विचारलं, काल नत्थुजीले किती वाजता काढलं? मी सांगितलं. ते जिन्याकडे वळले. मग म्हणाले, पंगत पावनेबाराले बसली होती, आणि उतरून गेले.

योगायोग असतात. साठी उलटलेला माणूस होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बैठक झाली. सरांना पुस्तक फार आवडलं. सगळ्यांसमोर पान नऊ मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, बघू तरी आपल्या मैथिली मॅडमची भाषा अडाण्यालाही कळते का, मी स्वतः करून बघतो. मी म्हटलं, सर, आज नको. का नको, त्यांनी विचारलं. काय सांगणार? मी शिकली-सवरलेली बाई. सवरलेलीच जास्त.

त्यांनी पार्वताबाईंचं नाव निवडलं. चांदूर बाजार केंद्र, यंदाच्या पावसाळ्यात निवृत्त, शहाण्णव दिवस गप्प. चार वाजून दहा मिनिटांनी काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शालिकरामजी उठून बाहेर गेले.

एकोणतीस जण.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी नऊ वीसला अद्वैतने फाइल उघडली, ‘मंगळवारी-येतो’. किशोरबरोबर आतल्या गावांत पावसाची मापकं दुरुस्त करायला निघाला आहे. किशोर त्याचा जोडीदार, जीप तोच चालवतो. केंद्राला कुलूप. मी ‘सांभाळून-ये’ उघडून ठेवली, पण तोवर तो उठला होता. त्याचं गप्प वाढायला लागलं.

दुपारी चांदूर बाजारहून निरोप आला. पार्वताबाई काल गेल्या. सुनेशी बोलत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सुनेने घड्याळ पाहिलं, कारण नातवाची शाळेची गाडी यायची वेळ होती. चार वाजून दहा मिनिटं.

पुस्तक सकाळीच चौदा केंद्रांवर गेलं आहे. आणि सरांना माझं पान नऊ इतकं पटलं की त्यांनी ते मशीनलाच शिकवलं आहे. सोमवारपासून रोज संध्याकाळी सहा वाजता मशीन स्वतः हजेरी घेईल, आणि सात दिवसांच्या वर जो गप्प असेल त्याला काढेल. माणसाने हात लावायची गरज नाही.

माझा अधिकार काढून घेतला. पुस्तक संपलं ना.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शालिकरामजींनी आज सांगितलं. मी खाली त्यांच्यापाशी जमिनीवर बसून ऐकलं.

पाच ऑगस्ट २०१४. बाहेरून एक इंजिनिअर आला होता. मशीन दमलंय म्हणाला, आणि बंद करून पुन्हा चालू केलं. त्या वेळी नऊ जणांच्या ओळी आत उघड्या राहिल्या होत्या. नऊच्या नऊ एकदम बाहेर पडले. ते नऊ जण त्या दिवशी एका जीपमध्ये होते, धारणीहून परत येत होते. सेमाडोहच्या पुढच्या वळणावर जीप दरीत गेली. शालिकरामजी वाचले, कारण रजेवर होते आणि त्यांची ओळ उघडलेलीच नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ श्रावण नवांत होता.

त्यानंतर त्यांनी मशीन कधी बंद होऊ दिलं नाही आणि कोणाला बाहेर पडू दिलं नाही. येतो म्हणायची रीत तेव्हापासूनची. मी चिडले. पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, विचारलं. ते म्हणाले, सांगतलं असतं तर तुमी हासल्या असत्या, मॅडम.

हसले असते. खरं आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल रविवार आणि आजचा दिवस आम्ही दोघं फोनवर होतो. सात दिवसांवर गप्प असलेले सहा जण उरले होते. प्रत्येकाच्या केंद्रावर कोणाला तरी बसवून त्यांच्या मेजावरचं एक बटण दाबायला लावलं. कारण काहीच सांगितलं नाही, मशीनची तपासणी आहे म्हटलं. पाच आकडे शून्यावर आले.

सहावा जीवन. चांदूर बाजारचा, सव्वीस वर्षांचा, बहिणीच्या लग्नासाठी रजेवर. त्याची ओळ त्याच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप घरी. त्याला मी स्वतः तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो हसला. म्हणाला, ताई, पत्रिका वाटून राह्यलो, घरी गेलो का दाबतो ना, एवढं काय त्यात.

सहा वाजले. अठ्ठावीस जण.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जीवन गेला. काल सहा वाजता, मोटरसायकल आणि ट्रॅक्टर. पत्रिकांची पिशवी गळ्यात होती.

सरांकडे गेले. सगळं सांगितलं, मिनिटांसकट. त्यांनी पाणी दिलं, आणि म्हणाले की अमरावतीच्या शिक्षकाच्या मुलीकडून अशा अंधश्रद्धेची अपेक्षा नव्हती. ते रोजचं सहाचं काम तरी थांबवा म्हटलं, हात जोडले. त्यांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. पान नऊ. ‘अनावश्यक माणसे यादीत ठेवू नयेत.’ हे वाक्य तुमचंच ना, विचारलं.

माझंच.

ते काम त्यांच्या पासवर्डमागे आहे. शालिकरामजींनाही काढता येत नाही. थांबवायचा दुसरा एकच मार्ग, मशीन बंद करणं. आत अठ्ठावीस जण आहेत.

अद्वैत आज यायचा होता. अद्वैत, चार दिवस गप्प.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पाच दिवस. फोन नाही. किशोरचाही नाही. अकोल्याच्या पोलिसांकडून वायरलेसवर धारणी पोलिसांना विचारलं, ते म्हणाले आतल्या गावचा रस्ता खचलाय, जीप पलीकडे अडकली असेल.

शुक्रवारी सकाळी नऊ वीसला सात दिवस होतात. शुक्रवारी संध्याकाळी सहा.

मी निघते आहे. पाच चाळीस झाले, सव्वासहाची परतवाड्याची गाडी आहे, तिथून पहाटे धारणीची. शालिकरामजींना बाकी सगळ्यांचं बघायला सांगितलं. माझी काळजी करू नका, परवा इथे असते म्हटलं. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हात जोडले.

स्क्रीनला कुलूप. वर्षालीला येते म्हटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. धारणी

सेमाडोहच्या वळणावर डोळे मिटून बसले होते. काल पोचले तर केंद्राला कुलूप, आणि दुसरी किल्ली ज्या चहावाल्याकडे असते तो शेतावर मुक्कामाला गेलेला. आज दुपारी एक वाजता तो आला. किल्ली त्यानेच फिरवली.

अद्वैतचं मेज. चहाचे डाग, बिस्किटाचे पुडे, मोजे. मोजे! स्क्रीनला कुलूप नाही. देवा, बरं झालं हा पसारेवाला आहे.

एक बटण दाबलं.

अद्वैत, धारणी, गप्प शून्य.

खुर्चीतच रडले. मग त्याच्याच ओळीतून ही फाइल उघडली. निघेपर्यंतची रोजनिशी त्याने सगळी वाचली होती. भरताच्या ओळीपाशी त्याने लिहून ठेवलंय, मला पण.

पण तो आहे कुठे?

रविवार, २३ नोव्हेंबर

सापडला. किशोरने बैलगाडीतून खचलेल्या रस्त्याच्या अलीकडे आणला, तिथून दुसऱ्या जीपने. मलेरिया. चार दिवस एका झोपडीत तापात पडून होता. ज्यांच्या घरी होता त्या माउलीने कपाळावरची पट्टी खाली पडू दिली नाही. आता इथल्या रुग्णालयात आहे. मला ओळखलं. म्हणाला, मंगळवार झाला का.

रात्रंदिवस त्याच्यापाशी. फक्त संध्याकाळी सहाच्या आधी इथे केंद्रावर येते, बटण दाबते, जाते.

येते. येते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ताप उतरतोय. पेज घेतली. बटण दाबलं, शून्य.

अद्वैतच्या स्क्रीनवर काहीतरी कचरा साचला होता. नुसती प्रश्नचिन्हं, तीन-चार ओळी. जुनं मशीन. पुसून टाकला.

फोन अजून नाहीच.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उद्या घरी सोडतील त्याला. आज हसला. बदली झाली की भरीत तू नाही, मी करणार म्हणाला. किती दिवसांनी बरं वाटतंय. आता बटण दाबून लगेच परत —

पुन्हा प्रश्नचिन्हं. सात ओळी. पुसणार होते. पण वर इंग्रजीत बारीक अक्षरात — निरोप, पाठवणारा शालिक, सकाळी दहा वाजता. पुन्हा अकरा. पुन्हा दोन. पुन्हा चार.

हे मशीन निरोपातली मराठी अक्षरं दाखवत नाही. हे निरोप आहेत. काल पुसले तेही —

काय सांगत होते?

हजेरी मारली. इतके दिवस एकच ओळ बघत होते. आज सगळ्या वाचल्या.

मैथिली. अकोला. गप्प सात दिवस.

पाच शेहेचाळीस.

माझं मेज. मी कुलूप लावून आले. ते उघडायला गेले असतील, उघडलं नसेल. माझ्या मेजाला कोणी हात लावलेला चालत नाही मला —

इथून स्वतःच्या नावाने आत शिरले. दोन मैथिली दिसतात. एक शून्य, एक सात दिवस. नवीमुळे जुनीचा आकडा पुसला जात नाही.

फोन — नाही. नाही लागत.

सरांना निरोप. दार लावलेलं आहे.

वर्षाली, दोन तास गप्प. घरी गेली.

शालिकरामजी, अकरा मिनिटं गप्प. तिथेच असतील. चहा घेत असतील. असू देत. इंग्रजी अक्षरांत पासवर्ड पाठवला. ‘पसारानको’. आणि — वर जा, लवकर.

पाच एक्कावन्न. अकरा मिनिटांची चौदा झाली.

पंधरा.

पुन्हा पाठवला. पुन्हा.

पाच चोपन्न. शालिकरामजी, गप्प शून्य!

वाचलं. त्यांच्या शेवटच्या रकान्यात — फाइल उघडली त्यांनी, इंग्रजी अक्षरांत, मला दिसावी म्हणून — ‘येऊन-राह्यलो’.

शालिकरामजी, एक मिनिट गप्प. म्हणजे उठले. चाललेत.

अठरा पायऱ्या. कठडा डाव्या हाताला. त्यांचा डावा गुडघा —

ते मेज मीच मागून घेतलं होतं. उजेडासाठी.

पाच सत्तावन्न. मैथिली, सात दिवस.

अद्वैत, तू हे वाचशील. तुझं बटण किशोरकडून रोज दाबून घे. रोज. विसरू नको. सहाच्या आधी. आणि कोणाला काढायचं नाही, कोणालाच, पान नऊ फाडून —

पाच अठ्ठावन्न. दोन मिनिटं गप्प. तीन. वर पोचले असतील. पासवर्ड टाकत असतील. चष्मा खाली राहिला असेल का त्यांचा —

मैथिली, सात दिवस.

एकोणसाठ.

सात दिवस.

मी जाते म्हणत नाहीये, अद्वैत. ऐकतोस ना, मी येते म्हणतेय. ये